बारा ओळींचा राजा : नजरानमधले चार दिवस

दिवस पहिला, बुधवार

शाळा सुटली तशी थेट विमानतळ गाठला. सौदीच्या स्थापना दिनाची सुट्टी गुरुवारी आली होती आणि तिला लागून शुक्रवार-शनिवार. जेद्दाहून नजरान विमानाने दीड तासाचं. सौदी अरेबियाच्या नकाशात अगदी खाली, येमेनच्या सीमेला टेकलेलं हे शहर. सौदीतल्या अकरा वर्षांत आम्ही मदाइन सालेह पाहिलं, अभाचे डोंगर पाहिले, ताइफचे गुलाब पाहिले. नजरानचं नाव काढलं की मात्र सगळे विचारायचे, "तिथे काय आहे?"

माझ्यासाठी तिथे एक राजा होता. काही वर्षांपूर्वी शाळेतल्या एका सहकारी बाईंनी मला कुराणातली ८५वी सूरह, अल-बुरूज, समजावून सांगितली होती. त्यात 'असहाब अल-उखदूद' येतात, म्हणजे खंदकवाले. त्यांनी खंदकात आग पेटवली, श्रद्धावंतांना तिच्यात लोटलं आणि स्वतः काठावर बसून बघत राहिले. बाई म्हणाल्या, "ते जळालेले लोक नजरानचे ख्रिस्ती होते असं मानतात. आणि जाळणारा राजा यहुदी होता."

अरबस्तानात यहुदी राजा? मला यहुदी माहीत होते ते अलिबागकडचे. आमच्या शेजारच्या मावशी बेने इस्रायल. गावातली जुनी माणसं त्यांना 'शनिवार तेली' म्हणायची, कारण त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. मावशी शुक्रवारी दिवेलागणीला दिवा लावायच्या. एलियाहू हनाबीच्या नावाने मलिदा केला की गूळ-खोबरं घातलेले पोहे आमच्याकडे वाटीभरून यायचे. माझ्या मनातली यहुदी माणसं अशी, शांतपणे जगणारी. त्यांच्या धर्माचा एक राजा माणसं जाळतो हे माझ्या गळी उतरेना. म्हणून वाचायला लागले, आणि वाचता वाचता नजरान डोक्यात बसलं.

विमानतळावर यजमान घ्यायला आले होते. नवऱ्याच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याचे थोरले भाऊ, याम टोळीचे, साठीच्या घरातले. लेक दहा मिनिटांत त्यांना 'अम्मो', म्हणजे काका, म्हणायला लागली. रात्री त्यांच्या मजलिसमध्ये रक्श आलं. पातळ भाकरीचे तुकडे आणि मटणाचा रस्सा, तोही तापवलेल्या दगडी भांड्यात. शेवटच्या घासापर्यंत खदखदत होता. कॉफी ओतता ओतता अम्मोंनी विचारलं, "झू नुवाससाठी आलात? लोक इथे जंबिया बघायला येतात." झू नुवास म्हणजे तोच माझा यहुदी राजा, आणि जंबिया म्हणजे कमरेला लावायचा वाकडा खंजीर.

दिवस दुसरा, गुरुवार

सकाळी आधी मातीची घरं पाहिली. नजरानची जुनी घरं मातीचीच, पण चांगली चार-चार मजली. एक थर घालायचा, तो वाळू द्यायचा, मगच पुढचा चढवायचा. या थराला इथे 'मिदमाक' म्हणतात. लांबून भिंत बघितली की थर न् थर मोजता येतो. एका पडक्या घराच्या भिंतीवर लेकीने हात ठेवला तर मातीत मिसळलेलं गवत बोटांना लागलं. आजोळच्या कुडाच्या भिंती आठवल्या.

मग उखदूद. शहराला लागूनच, वादी नजरान या कोरड्या नदीच्या काठी हे प्राचीन नजरान पसरलं आहे. दक्षिण अरबस्तानातला धूप उंटांवर लादून उत्तरेला जायचा तो याच वाटेने. इ.स.पूर्व २५च्या सुमाराला रोमन सेनापती एलियस गॅलस या धुपाच्या देशावर चालून आला, तेव्हा त्याने घेतलेल्या शहरांच्या यादीत नजरानही आहे. दगडी तटाच्या आतल्या भागाला किल्ला म्हणतात. तटाचा खालचा भाग घडीव दगडांचा, सांधे असे बसवलेले की नखही शिरणार नाही. त्या दगडांवर जाता-येता कुणी कुणी कोरून ठेवलेलं आहे: एक घोडा, उंट, एकमेकांना विळखा घातलेले दोन साप, आणि एक उघडा पंजा. पंजाच्या आकाराशी लेकीने आपला हात जुळवून पाहिला. आत भलंमोठं दगडी जातं पडलं आहे. आजूबाजूला राकची झाडं, ज्यांच्या मुळांचा मिस्वाक, म्हणजे दातवण, करतात.

'खंदक तो हा' असं बोट दाखवावं अशी जागा मात्र तिथे नाही. जळक्या मातीचे काळे थर स्थानिक लोक दाखवतात. अम्मोंनीही दाखवले आणि मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आता त्या राजाविषयी. त्याचं शिलालेखांतलं नाव युसुफ असअर यथअर. अरबी परंपरा त्याला झू नुवास म्हणते, झुलत्या बटांचा. सिरियाक भाषेतले ख्रिस्ती लेखक त्याला मसरूक म्हणतात. एका माणसाची तीन नावं, आणि प्रत्येक नावामागे सांगणारा वेगळा. तो हिम्यरचा राजा. हिम्यरची राजधानी झफार, आजच्या येमेनच्या डोंगराळ भागात. युद्धामुळे तिकडे जायचा विचारही करता येत नाही, म्हणून मला त्याला नजरानमध्ये शोधावं लागलं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत झफारच्या राजाचा उल्लेख आहे आणि त्याच पुस्तकात पुढे सोपारा, कल्याण, चौल येतात. आपल्या बंदरांतून निघालेले तांडेल या राजांच्या किनाऱ्याला लागत होते. हे वाचल्यापासून हिम्यर मला परकं वाटेनासं झालं.

या राजघराण्याने ३८०च्या सुमारास जुने देव सोडले. त्याआधीच्या शिलालेखांत देवांची रांग असते. त्यानंतर एकच नाव येतं, रहमानान, दयाळू. 'अमेन' आणि 'शालोम' हे शब्द येतात. प्रार्थनाघराला 'मिक्राब' म्हणू लागतात. म्हणजे युसुफ हा अचानक उगवलेला एकटा यहुदी राजा नव्हे. त्याच्यामागे जवळजवळ दीडशे वर्षांची परंपरा होती.

आणि समोर होतं संकट. लाल समुद्राच्या पलीकडे अक्सुम, इथियोपियाचं ख्रिस्ती राज्य. त्याच्या पाठीशी कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट. अक्सुमने हिम्यरच्या गादीवर आपल्या मर्जीतला माणूस बसवला होता आणि खुद्द झफारमध्ये आपली फौज ठेवली होती. ५२२च्या सुमाराला युसुफने सत्ता हातात घेतली आणि ती फौज कापून काढली. नजरानचे ख्रिस्ती त्याला अक्सुमचे हस्तक वाटले. इथपर्यंत मला त्याचं म्हणणं समजतं. दाराशी परकी फौज असलेला कुठलाही राजा असाच विचार करील. पुढचं जे आहे ते मी समजून घेऊ शकते, पण माफ करू शकत नाही.

५२३च्या शरदात नजरानला वेढा पडला. त्या सुमाराच्या सिरियाक पत्रांत म्हटलं आहे की राजाने तोराहची, म्हणजे यहुदी धर्मग्रंथाची, शपथ घेऊन अभय दिलं आणि दरवाजे उघडल्यावर ते मोडलं. आधीच मेलेल्या बिशपची हाडं उकरून जाळली. चर्चमध्ये माणसं कोंडून आग लावली. शहराचा म्हातारा प्रमुख हारिस याचा शिरच्छेद झाला. ख्रिस्ती परंपरा त्याच्याबरोबर ३४० जण सांगते. ऑर्थोडॉक्स आणि कॅथलिक पंचांगांत २४ ऑक्टोबर हा त्यांचा दिवस आहे. अरबी परंपरेत मृतांचा आकडा २० हजारांपर्यंत जातो.

ऊन चढलं, वारा सुटला आणि धूळ डोळ्यांत जायला लागली. आम्ही परतलो. संध्याकाळी बाजारात जंबिया बघितल्या, पण मन तिथे नव्हतं.

दिवस तिसरा, शुक्रवार

फजरच्या अजानबरोबर निघालो. युसुफच्या नावाचा शिलालेख जिथे आहे ते हिमा नजरानच्या उत्तरेला, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. थोड्याच वेळात शहर मागे पडलं आणि वाळूतून लाल-तपकिरी खडकांचे डोंगर वर आले. वाटेत टायर बसला. नवरा आणि अम्मो जॅक लावत होते तेव्हा लेक आणि मी रस्त्याकडेला बसून खजूर खाल्ले. शांतता इतकी की आमचे दोघींचे बिया थुंकायचे आवाज ऐकू यायचे.

हिमाच्या परिसराला २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. सात हजार वर्षांतली चित्रं आणि अक्षरं या खडकांवर आहेत: शिकारी, शहामृग, लांब शिंगांची गुरं, केस मोकळे सोडून नाचणाऱ्या बायका. इथे एवढं सगळं का, ते विहिरी बघितल्यावर कळतं. बीर हिमाच्या विहिरी कातळात खोदलेल्या आहेत. वाळवंटाकडे निघालेला तांडा इथे पखाली भरून घ्यायचा आणि वाळवंटातून आलेला इथे ओठ ओले करायचा. पाण्याशी थांबणं आलं, आणि थांबलेल्या माणसाच्या हाताला चाळा लागतो. एका विहिरीत अम्मोंनी बादली सोडली. दोराने विहिरीच्या काठाच्या दगडात बोटबोटभर खोल खाचा पाडलेल्या आहेत. मी त्या खाचेत बोट घातलं, आत काचेसारखी गुळगुळीत लागली. पाणी गोड होतं.

आणि मग तो खडक.

मी मनात काहीतरी भव्य धरून गेले होते. समोर साधा उभा कातळ आणि त्यावर ठोकून कोरलेल्या बारा ओळी. लिपी मुस्नद, दक्षिण अरबस्तानची जुनी. उजवीकडून डावीकडे. स्वर लिहीत नाहीत, आणि दोन शब्दांच्या मध्ये एक उभी रेघ. मी घरून अक्षरांचा तक्ता आणला होता. लेकीने वही उघडली आणि आम्ही पहिल्या ओळीत नाव शोधायला लागलो. 'य' म्हणजे दांडीवर बसवलेलं वर्तुळ. 'व' म्हणजे आतून उभा छेद दिलेलं वर्तुळ. मग 'स', उलट्या पेल्यासारखा, वर शेपूट असलेला. आणि 'फ', शंकरपाळ्यासारखा.

"आई, शंकरपाळी सापडली!" ती ओरडली. तिच्या आधीची तीन अक्षरं तपासली. य, व, स, फ. युसुफ.

माझ्या अंगावर काटा आला. पंधराशे वर्षांपूर्वी, तो राजा जिवंत असताना, त्याच्या माणसाने छिन्नी धरून ही चार अक्षरं ठोकली होती. आतापर्यंत तो माझ्यासाठी इतरांनी सांगितलेला होता. इथे तो त्याच्या स्वतःच्या बाजूने बोलत होता.

लेखाची सुरुवात प्रार्थनेने होते: आकाश आणि पृथ्वी ज्याची आहे तो देव युसुफ असअर यथअर राजाला, सर्व जमातींच्या राजाला, आशीर्वाद देवो. लिहवून घेणारा आहे राजाचा सेनापती, यझान घराण्यातला शराहील. हिम्यरी कालगणनेचं वर्ष ६३३, म्हणजे आपलं ५२३, आणि महिना जुलैचा. अजून नजरानचं हत्याकांड व्हायचं आहे. शराहील टोळ्यांची फौज घेऊन या विहिरींवर तळ ठोकून बसला आहे, कारण उत्तरेची वाट इथूनच जाते आणि ती अडवली की नजरानची नाडी हातात येते. राजा स्वतः दूर समुद्रकाठी आहे. अक्सुमची जहाजं येऊ नयेत म्हणून लाल समुद्राच्या तोंडाशी बाब-अल-मंदबची साखळी बांधतो आहे. लेखात 'मंदबची साखळी' असाच शब्द आहे. मुखावान गावही येतं, म्हणजे मोखा, ज्याच्या नावाने पुढे कॉफी जगभर गेली. तिथे चर्च जाळलं, झफारमध्ये जाळलं, असं शराहील सरळ लिहितो. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्याला वाटत नाही.

आणि मग तो हिशोब देतो. मारले बारा हजारांहून जास्त. कैद केले अकरा हजार. उंट, गाई, शेळ्या-मेंढ्या मिळून दोन लाख नव्वद हजार.

त्या ओळीपाशी मी कितीतरी वेळ उभी होते. माणसं आणि गुरं एका दमात मोजली आहेत, मध्ये फक्त ती शब्द तोडणारी उभी रेघ. ज्याने हे कोरलं त्याची अक्षरं कुठे थरथरलेली दिसत नाहीत. राक्षस वगैरे तो नसणार. मुलंबाळं असतील त्याला. प्रार्थनेने सुरुवात करून त्याने हे लिहिलं आणि शेवटीही प्रार्थनाच केली: जो कुणी या लेखाची नासधूस करील त्याच्यापासून रहमानान या लेखाचं रक्षण करो. अगदी अखेरीला येतो 'यहुद्यांचा प्रभू'. ती अक्षरंही लेकीने वहीत उतरवून घेतली. देवाचं नाव आधी, देवाचं नाव नंतर, आणि मध्ये हे. कुठल्याही धर्माचं नाव त्या जागी घालून पाहिलं तरी मला ते तितकंच भयंकर वाटलं असतं. पण आज समोर हाच दगड होता, आणि मावशींच्या देवाचं नाव.

याच मोहिमेबद्दल त्याच सेनापतीचे आणखीही लेख या टापूत आहेत. एक कौकब डोंगरावर. १९५१-५२च्या फिल्बी-रिकमन्स-लिपेन्स मोहिमेने वाळवंट तुडवून इथले हजारो लेख नोंदवले. आणि अलीकडे हिमाच्याच परिसरात जुन्या अरबी लिपीतले ख्रिस्ती लेख सापडले. त्यातल्या एकात थौबान बिन मालिक असं नाव आहे आणि शेजारी क्रूस. साल ४७०, म्हणजे युसुफच्या पन्नासएक वर्षं आधी. बहुधा त्यानेही याच पाण्यापाशी थांबून नाव कोरलं असावं. त्याची नातवंडं-पतवंडं ५२३मध्ये नजरानला होती का, हा विचार मनातून जाईना.

दुपारी खडकाच्या सावलीत सतरंजी टाकली. शुक्रवारची सुट्टी म्हणून दोन-तीन कुटुंबं आली होती, पोरं चेंडू खेळत होती. अम्मोंनी शेकोटीवर कॉफी ठेवली आणि म्हणाले, "लहानपणी आजी सांगायची, झू नुवास हरला तेव्हा घोड्यावर बसून समुद्रात गेला. घोडा चालत राहिला, पाणी चढत गेलं."

ही गोष्ट अरबी परंपरेत सगळीकडे आहे. लेखी पुरावा मात्र वेगळं सांगतो. नजरानची बातमी ५२४च्या सुरुवातीला रमला इथल्या एका छावणीत फुटली. युसुफने हीराच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या अरब राज्याच्या, राजाकडे निरोप पाठवला होता: मी केलं तसं तूही कर. तिथे हजर असलेल्या बिशप शिमोनने ते ऐकलं आणि पत्रं लिहिली. पत्रं गावोगाव वाचली गेली. ५२५मध्ये अक्सुमचा राजा कालेब जहाजं घेऊन आला. मंदबची साखळी कामाला आली नाही. पुढे येमेनच्या किनाऱ्यावर हुस्न अल-घुराब इथल्या एका लेखात साधं वाक्य आहे की हबशांनी हिम्यरच्या राजाला ठार मारलं. तो लेख कोरणारे यझान घराण्यातलेच, म्हणजे शराहीलच्याच. राजा गेला, घराणं टिकलं, आणि दगडावर लिहायची सवयही.

मी अम्मोंना हे सांगितलं. ते हसले नाहीत की वाद घातला नाही. "असेल," म्हणाले. "पण आजीला त्याला समुद्रात जाऊ द्यायचं होतं. एवढ्या लोकांना आगीत टाकणाऱ्याला शेवटी पाणीच हवं, नाही का?"

परतताना लेक मागच्या सीटवर झोपली, वही छातीशी धरून.

दिवस चौथा, शनिवार

विमान संध्याकाळचं. सकाळी अम्मो आम्हाला जुन्या बाजारात घेऊन गेले. जंबियांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या दुकानदाराने गाठोडं सोडलं आणि जुन्या चांदीचा एक गळ्यातला काढला, बारीक तारकामाचा. "यहुदी काम," तो म्हणाला, आणि ते शब्द त्याने कौतुकाने उच्चारले. मला धक्का बसला. झू नुवासनंतर इथले यहुदी संपले असं मी उगाच धरून चालले होते. नजरानमध्ये यहुदी वस्ती होती ती १९४९पर्यंत. त्या वर्षी ते इथून निघाले आणि इस्रायलला गेले. दुकानदाराच्या वडिलांनी त्यांच्याकडून मुठी घडवून घेतल्या होत्या. "त्यांच्यासारखा डाग कुणाला देता येत नाही," तो म्हणाला. डाग म्हणजे चांदीचा सांधा. त्याने गळ्यातला उलटा करून दाखवला. मागच्या बाजूलाही सांधा दिसत नव्हता.

आमच्या मावशीही साठच्या दशकात गेलेल्या नातेवाइकांच्या मागोमाग, पुढे उशिरा, इस्रायलला गेल्या. अजून मराठीत बोलतात, मलिदा करतात. ती वही, त्यातली यहुद्यांच्या प्रभूची अक्षरं त्यांना दाखवायची आणि विचारायचं की तुम्ही या राजाचं नाव कधी ऐकलंत का, हे मी काल खडकापाशीच ठरवलं होतं. आकड्यांची ओळ सांगायची की नाही, ते ठरत नव्हतं. विमानतळावर बसल्या बसल्या फोन हातात घेतला.

"आई, आज शनिवार ना," लेक म्हणाली.

खरंच की. मावशी आज फोन उचलणार नाहीत. काचेबाहेर ऊन अजून डोंगरांवर होतं. मी फोन पर्समध्ये ठेवला आणि तिच्याकडून वही मागून घेतली.